हातमोजा नव्हे, हाताची गवसणी

कन्नडमध्ये हातमोज्याला ‘कैगवसु’ म्हणतात. आमच्या सूनबाई बैलहोंगलच्या, त्यामुळे घरात दोन्ही शब्द चालतात आणि नातू तर एकाच वाक्यात दोन्ही वापरतो. कै म्हणजे हात, गवसु म्हणजे आवरण. आपण तंबोऱ्याला जी गवसणी घालतो, तिच्याच कुळातला हा शब्द. मराठीत मात्र आपण पायातला मोजा उचलला आणि हातात घातला. मला विचाराल तर या एका बाबतीत कन्नड शब्द जास्त नेमका आहे. मोजा ताणला की कुठल्याही पायात बसतो. गवसणी मात्र त्या वाद्याच्या अंगाची मापे घेऊन शिवावी लागते. बंदूक चालवणाऱ्याच्या हातात जे घालायचे ते या दुसऱ्या जातीचे असते.

वाचकहो, हा विषय निघाला तो खानापूर तालुक्यातल्या एका भगिनींमुळे. त्यांचा मुलगा पायदळात आहे आणि कमांडो कोर्ससाठी आपल्याच बेळगावात, ज्युनियर लीडर्स विंगमध्ये यायचा आहे. दूध डेअरीचा बोनस हातात आला आहे, तेव्हा पोराला चांगले टिकाऊ हातमोजे घेऊन द्यावेत असे त्यांच्या मनात आले. दुकानदाराने एक जोडी दाखवली. मुठीच्या हाडांवर काळ्या प्लास्टिकच्या पाट्या, मनगटाला रुंद पट्टा आणि पाठीवर कवटीचे चित्र. ‘भाऊ, सगळ्यात जाड आणि सगळ्यात भारी हेच म्हणतो तो. घेऊ का?’ असा त्यांचा प्रश्न. दोन दिवस थांबा, असे मी त्यांना म्हटले. त्यांच्यासारख्या आया आणि बहिणी या भागात घरोघरी आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीचे सेंटर असलेल्या गावात तसे नसते तरच नवल. म्हणून उत्तर इथेच लिहितो.

या विषयावर बोलायचा माझा अधिकार एवढाच, की मी बावीस वर्षे पलटणीत काढली, त्यातली शेवटची काही वेपन ट्रेनिंगचा उस्ताद म्हणून. निवृत्तीनंतर उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत स्टोअर सांभाळले. पहिल्या नोकरीत हातमोजे वापरले, दुसऱ्या नोकरीत डझनाने विकत घेतले आणि फाटके मोजून परत घेतले. नवा हातमोजा कितीही न्याहाळा, त्यातून फारसे कळत नाही. फाटका मात्र सगळे सांगतो. कुठे झिजला, कुठली शिवण आधी सुटली, कुठे घामाने कडक होऊन तडकला, हे तो दाखवतो. ज्यांना निवड शिकायची आहे त्यांनी ओळखीच्या जवानाचे टाकून दिलेले हातमोजे आधी बघावेत.

पहिले उत्तर असे, की सगळ्यात जाड नको. चाप ओढणाऱ्या बोटाला डोळे नसतात, ते स्पर्शानेच बघते. बऱ्याच सैनिकी रायफलींचा चाप आधी थोडा सैल सरकतो, मग एका जागी अडतो, आणि त्या अडण्याच्या पलीकडे गोळी सुटते. ती अडण्याची जागा बोटाला कळली पाहिजे. जाड हातमोज्यात ती कळत नाही. मग जवान एकदम ओढतो आणि नेम चुकतो. हे झाले नेमाचे. त्याहून गंभीर गोष्ट दुसरी आहे. बोट चापाबाहेर, रायफलीच्या अंगावर सरळ ठेवायचे, हा आम्ही पहिल्या दिवसापासून घोटून घेतलेला नियम. हातमोज्याचे टोक बोटापेक्षा लांब असेल किंवा बाजूने फुगत असेल, तर बोट परत आत नेताना ती फुगलेली घडी बोटाच्या आधी चापाला टेकते. जवानाला वाटते, मी अजून चापाला हात लावलेला नाही. शेजारी त्याचाच जोडीदार उभा असतो. हातमोजा निवडताना माझे डोळे आधी त्या एका बोटाकडे जातात ते यासाठी.

ही अडचण जुनी आहे आणि शस्त्रे बनवणाऱ्यांनाही ठाऊक आहे. अमेरिकन एम-16 रायफलीच्या चापाखालची कमान बिजागरीवर खाली उघडते. थंडीत जाड मोजा घातलेले बोट आत जावे म्हणून ती सोय. सियाचीनसारख्या ठिकाणी तर उघड्या हाताने लोखंडाला हात लावायचाच नाही, कातडी चिकटते. तिथे आत पातळ आणि वर जाड असे थर घालतात. पण तो थंडीचा हिशेब झाला. बेळगावच्या लाल मातीत आणि जांबोटीच्या पावसात तो लागू नाही.

‘मग पातळ घ्यावा तर टिकत नाही’ हा पुढचा आक्षेप, आणि तो खराही आहे. म्हणूनच टिकाऊपणा कुठे हवा ते बघायचे. माझ्या अनुभवात गोळीबारासाठीचा हातमोजा चार जागी मरतो. सगळ्यात आधी अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली बेचकी जाते, कारण शस्त्राची पकड तिथे रुतते. मग अंगठ्याचे आणि तर्जनीचे टोक. मॅगझिनमध्ये एकेक गोळी दाबून बसवताना मॅगझिनच्या ओठांची धार तिथेच घासते. तिसरी जागा तळहाताची मनगटाकडची गादी. धावत येऊन मुरमावर झोकून देताना सगळे वजन तिच्यावर येते. आणि चौथी करंगळीची बाहेरची बाजू. या चार जागी दुसरा थर शिवलेला असावा आणि बाकी हात मोकळा असावा. त्यातही दुसऱ्या थराची शिवण पकडीच्या बरोबर मधोमध येत असेल तर ती जोडी ठेवून द्या. शिवणीचा उंचवटा दिवसभर रुतला की संध्याकाळी त्याच जागी फोड आलेला असतो. तर्जनीच्या टोकाला मात्र थर एकच, पातळ आणि बिनशिवणीचा.

आता कातड्याविषयी. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण कातड्याची पारख आपल्या जिल्ह्याला नवी नाही. अथणीची कोल्हापुरी चप्पल तुम्ही सगळ्यांनी घातली आहे. तिचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावतात. ते जाड, घट्ट राहते, आकार धरून ठेवते आणि पायाला वळण लागायला आठवडे घेते. चपलेला तेच हवे. हातमोज्याचे कातडे बहुधा क्रोमच्या क्षारांत कमावलेले असते, त्यामुळे ते पातळ असूनही मऊ राहते आणि पाण्याला व उष्णतेला बरे टिकते. दोन्ही कातडीच, पण कमावण्याची तऱ्हा वेगळी. ‘अस्सल लेदर आहे’ एवढ्या सांगण्यावर भुलू नये ते यासाठी.

जनावर कुठले तेही विचारावे. माझी पसंती शेळीच्या कातड्याला, आमच्या सूनबाईंच्या भाषेत ‘आडिन तोगलु’. त्याचे तंतू दाट विणल्यासारखे असतात, म्हणून पातळ तासले तरी सहसा फाटत नाही आणि बोटाला पलीकडचे कळते. गाई-म्हशीचे वरच्या थराचे कातडे मजबूत खरे, पण त्याच ताकदीसाठी जाडी जास्त लागते. फौंड्रीत आम्ही घ्यायचो ते हातमोजे वरचा गुळगुळीत थर काढून घेतल्यावर उरलेल्या खालच्या खरखरीत थराचे. दोन्ही बाजूंनी लव असलेले, स्वस्त आणि जाड. गरम साचा हलवायला उत्तम, पण ते घालून मॅगझिन बदलता येणार नाही. बाजारात तेच कातडे काळे रंगवून, वर वेलक्रोचा पट्टा लावून ‘टॅक्टिकल’ म्हणून विकलेले मी पाहिले आहे. तळहाताच्या बाजूला नख घासून बघावे. खालच्या थराची लव लगेच उठते.

कृत्रिम कातड्याचे हातमोजेही हल्ली पुष्कळ मिळतात आणि ते सरसकट वाईट नव्हेत. ते धुता येतात, वाळल्यावर कडक होत नाहीत आणि बोटाला छान कळते. त्यांची खोड एकच, आगीची. नायलॉन आणि पॉलिएस्टर साधारण 220 ते 260 अंश सेल्सियसच्या दरम्यान वितळतात आणि वितळलेले प्लास्टिक कातडीला चिकटते. रेंजवर उडालेले गरम पितळी कवच क्षणभर लागून जाते, त्याने फारसे बिघडत नाही. पण बराच वेळ चाललेल्या फायरिंगनंतर नळीला हात टेकला, किंवा जिथे स्फोट आणि आग यांचा संभव आहे अशा कामावर मुलगा असेल, तर कातडे किंवा अरामिड धागाच हवा. अरामिड वितळत नाही, जळून कोळसा होतो.

याच अरामिड घराण्यातला केवलार. 1965 साली ड्यूपाँट कंपनीत स्टेफनी क्वोलेक या संशोधक बाईंनी तो शोधला. या नावाने लोकांची जेवढी दिशाभूल होते तेवढी दुसऱ्या कशाने होत नसेल. केवलारची जाकिटे गोळी अडवतात, म्हणून केवलारचा हातमोजाही अडवेल असे ग्राहकाला वाटते आणि विकणाराही ते खोडून काढत नाही. जाकिटात त्या कापडाचे अनेक थर एकावर एक असतात. हातमोज्यात फार तर एक पातळ अस्तर असते, कधी तर शिवणीचा दोराच तेवढा केवलारचा. ते कापण्यापासून आणि घासण्यापासून वाचवते. गोळी अडवणारा हातमोजा विकायला आला तर त्या दुकानातून बाहेर पडावे.

पाटी वाचायची असेल तर एक गोष्ट शिकून ठेवा. चांगल्या हातमोज्यावर हातोड्याच्या चित्राजवळ ईएन 388 असे लिहिलेले असते आणि खाली काही आकडे-अक्षरे असतात. हे युरोपातले मानक आहे. पहिला आकडा घासण्याचा, दुसरा कापण्याचा, तिसरा फाटण्याचा, चौथा टोचण्याचा. आपल्या कामाला पहिला आणि तिसरा महत्त्वाचे. घासण्याच्या कसोटीत 1 म्हणजे तळहाताचे कापड किमान 100 फेरे टिकले, 2 म्हणजे 500, 3 म्हणजे 2000 आणि 4 म्हणजे 8000. म्हणजे 2 आणि 3 यांत फरक एकाचा दिसतो, पण टिकतो तो चौपट. शेवटी पी हे अक्षर असेल तर पाठीवरच्या पाट्यांची आघाताची कसोटी झालेली आहे. ते अक्षर नसेल तर त्या पाट्या नुसती शोभा समजा. अडथळ्यांच्या सरावात, भिंतीवर चढताना मुठीला त्यांचा उपयोग होतो हे मान्य. नेम धरताना त्या फक्त बोटे वळू देत नाहीत.

दोर आणि शिवण यांच्याकडे बायकांनी बघावे, पुरुषांना ते दिसत नाही. आमच्या सौ. दुकानात हातमोजा उलटा करायला लावतात. टाके बारीक, एकसारखे आणि ताणाच्या जागी दुहेरी हवेत. सुती दोरा घामाने कुजतो. बोटांच्या मध्ये वेगळ्या पट्ट्या घालून शिवलेला असेल तर बोट गोल बसते. नुसते दोन पत्रे एकमेकांवर ठेवून शिवल्यासारखा असेल तर बोटाच्या कडेने कातडे फुगते, आणि ती फुगवटी काय करते ते वर सांगितलेच.

मापाचे सांगतो. शिंप्याची टेप घ्या. अंगठा सोडून, मुठीच्या हाडांवरून तळहाताचा घेर मोजा, ज्या हाताने चाप ओढतो त्या हाताचा. घेर जितके इंच, साधारण तितका नंबर. आठ इंच म्हणजे 8, नऊ इंच म्हणजे 9. एम, एल ही अक्षरे प्रत्येक कंपनीची वेगळी, म्हणून आकडा विचारा. मुलगा दूर असेल तर त्याला कागदावर हात ठेवून पेन्सिलीने आकृती काढून फोटो पाठवायला सांगा आणि घेराचे माप स्वतंत्र लिहून घ्या. अंदाजाने घेतलेला हातमोजा पेटीतच राहतो. कातडे वापराने थोडे सैल होते, म्हणून ते अंगाबरोबर घट्टसर घ्यावे. कृत्रिम फारसे सैलत नाही, ते मुळातच नीट बसले पाहिजे. तर्जनीच्या टोकाशी चिमटीत धरण्याइतके कापड मोकळे राहिले तर एक नंबर खाली या. मग मूठ वळा. बेचकीत ताण पडला तर वर जा. दोन्ही एकदम होत असेल तर तो साचाच त्या हाताचा नाही, दुसरी कंपनी बघा. शेवटी काउंटरवर एक रुपयाचे नाणे टाकून ते हातमोज्याने उचलायला लावा. उचलता आले नाही तर पुढे बोलू नका. बाजारातले आमचे एक जुने दुकानदार स्वतःच नाणे काढून देतात आणि म्हणतात, ‘नोडी तगोळ्री.’ बघून घ्या. अशा माणसाकडे जावे.

इथे एक खुलासा. 2024 साली पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवले तेव्हा सगळ्यांनी टीव्हीवर त्या खेळातला भलाजाड हातमोजा पाहिला. ‘मग तो कसा चालतो?’ असे मला त्यानंतर अनेकांनी विचारले. तो मोजा रायफल तोलून धरणाऱ्या हातात असतो. त्या हाताला वजन पेलायचे आणि नाडीचे ठोके रायफलीपर्यंत पोहोचू द्यायचे नाहीत एवढेच काम. त्याचीही मर्यादा आहे. नियमाप्रमाणे पुढचा-मागचा थर मिळून जाडी 12 मिलिमीटरच्या वर नको आणि मनगट आवळणारा पट्टा चालत नाही. तो एका जागी उभ्या खेळाडूचा हातमोजा, धावत्या जवानाचा नव्हे. आणि एनसीसीतल्या मुला-मुलींना पॉइंट टू-टू रायफलीसाठी हातमोजे घेऊन देण्याचे कारण नाही. तो पैसा कानाच्या संरक्षणाकडे वळवावा.

तेव्हा खानापूरच्या भगिनींना माझा सल्ला असा. कवटीवाली जोडी नको. शेळीच्या कातड्याच्या, तर्जनी पातळ असलेल्या, मापाच्या साध्या जोड्या दोन घ्या. एक वाळत असताना दुसरी हातात. ओला हातमोजा रोज रोज घातला की घामाच्या मिठाने कातडे कडक होते आणि महिनाभरात बेचकीत तडकते. दोरावरून घसरत उतरायचे हातमोजे वेगळे, जाड असतात, त्यांत ही जोडी वापरू नको म्हणावे. एकाच दुपारी तळवा जाईल. आणि विकत घेण्याआधी मुलाकडून युनिटमध्ये विचारून घ्या. रंग आणि नमुना यांचे तिथले नियम असतात, आईच्या प्रेमाला त्यातून सूट मिळत नाही.

कातडे ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवावे. चुलीजवळ किंवा उन्हात नको. केवलारही उन्हाने कमजोर होतो आणि ब्लीचने तर खराबच होतो. आपल्याकडच्या पावसात चार महिने बुरशी धरते, म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नये. शस्त्र साफ करताना हे हातमोजे काढून पातळ रबरी घालावेत. तेल मुरलेले कातडे पकडीला घसरते.

शेवटचे सांगणे खास घरातल्यांसाठी. बऱ्याच काडतुसांच्या प्रायमरमध्ये शिशाचे संयुग असते आणि गोळीतही शिसे असते. फायरिंग करून आलेल्या हातमोज्यावर त्याची बारीक धूळ बसलेली असते, दिसत नाही. शिसे लहान मुलांच्या मेंदूला वाईट, अगदी थोडेसुद्धा. मुलगा रजेवर आला की ते हातमोजे बॅगेतून काढून कौतुकाने नातवाच्या हातात घालून फोटो काढण्याची आपल्याकडे हौस असते. ते करू नका. धुण्याजोगे असतील तर बाळाच्या कपड्यांबरोबर भिजवू नका. काढल्यावर जेवायच्या आधी साबणाने हात धुवायला लावा. आणि जुने झाले की ‘फेकायचे कशाला, गरम पातेले धरायला होतील’ म्हणून ते स्वयंपाकघरात येतात. आमच्याही घरात हा विचार निघाला होता, सूनबाईंनीच तो हाणून पाडला. फाटलेली जोडी बांधून टाकून द्यावी. पातेल्याला सांडशी आहे.